मर्क्युरी बे इथे बुध पाहिला त्याची हकिकत

न्यूझीलंडहून परत आल्यापासून आमच्या सोसायटीतले लोक दोनच प्रश्न विचारतात. मेंढ्या किती दिसल्या, आणि मुलगी खुशीत आहे ना? मेंढ्या पुष्कळ दिसल्या. दुसऱ्या प्रश्नाला मी "हो हो, मजेत" म्हणून वेळ मारून नेतो, कारण खरं उत्तर जिन्यात उभ्याउभ्या देण्याइतकं लहान नाही. ते इथे देतो.

मी तिकडे दोन महिने होतो, आणि त्यातले तीन दिवस सांगण्यासारखे. बाकीचे दिवस मुलीच्या हेन्डरसन या उपनगरातल्या घरामागे दोरीवरचे कपडे पाऊस आला की आत आणि ऊन पडलं की बाहेर, अशी ने-आण करण्यात गेले. ऑकलंडच्या पश्चिमेला हे दिवसातून पाचदा करावं लागतं. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ती नाशिकला बहिणीकडे राहिली आणि मी एकटाच गेलो. मुलगी मृदुला सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, तिकडे पाण्याची तपासणी करणाऱ्या एका लहानशा खाजगी लॅबमध्ये नोकरीला होती. जावई निखिल शहरात कॉम्प्युटरच्या कामावर, तोही कंत्राटी. दोघांचा तिथे कायम राहण्याचा अर्ज मृदुलाच्या नोकरीवर भरलेला होता.

मी स्वतः चौतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. हे सांगायचं कारण पुढे कळेल.

नोव्हेंबर लागला आणि मृदुलाचा चेहरा उतरला. दोन दिवस "काही नाही हो बाबा" झालं, तिसऱ्या दिवशी कांदा चिरताना तिने सांगून टाकलं. एका खेड्यातल्या शाळेच्या टाकीचे पाच नमुने तपासायला आले होते. चार बाटल्या स्वच्छ निघाल्या. पाचवीत नको ते जंतू सापडले, म्हणजे टाकीत कुठूनतरी घाण शिरतेय अशी खूण. मालकाचं म्हणणं, बाटली भरणाऱ्याचाच हात घाण असणार, ती सोड, चार लिही आणि शुक्रवारी रिपोर्टवर सही कर. पुन्हा नमुने मागवू या म्हटलं तर म्हणे गिऱ्हाईक नवीन आहे, त्यांना कशाला घाबरवायचं. मृदुलाचा करार डिसेंबरात संपत होता. सही झाली नाही तर तो पुढे चालू राहणार नाही, हे मालकाने तोंडाने न म्हणता तिला नीट कळेल असं सांगितलं होतं.

"काय करू, बाबा?"

"कर सही," मी म्हणालो. "पाचातली एक बाटली. मालक म्हणतो तसंच झालं असेल. एवढ्यासाठी घरदार पणाला लावतात का?"

विचार करायला मला कांद्याची एक फोड होण्याइतकाही वेळ लागला नाही.

बुधवार, ८ नोव्हेंबर २००६

मृदुलाने ही सहल महिन्याभरापूर्वीच ठरवली होती. हेन्डरसनच्या लायब्ररीत तिने एक चिठ्ठी वाचली: गुरुवारी सकाळी बुधाचं अधिक्रमण आहे, म्हणजे बुध सूर्याच्या तबकडीवरून सरकताना दिसणार, आणि तिकडच्याच कोरोमंडल नावाच्या किनाऱ्यावर काही हौशी मंडळी ते बघायला जमणार आहेत. कुणीही या. तिने आमची दोघांची नावं कळवून टाकली. "जन्मभर शिकवलंत, एकदा बघा तरी," म्हणाली. निखिलला रजा नव्हती. सहल रद्द करावी असं तिच्या मनात होतं, पण मीच म्हटलं, चल, डोकं जरा बाजूला होईल.

जागाही साधीसुधी नव्हती. सतराशे एकोणसत्तर साली एक इंग्रज कप्तान जहाज घेऊन त्याच खाडीत शिरला आणि नोव्हेंबरच्या नऊ तारखेलाच किनाऱ्यावर दुर्बिणी लावून त्याच्या माणसांनी बुधाचं अधिक्रमण मोजलं. म्हणून तिचं नाव मर्क्युरी बे. मर्क्युरी म्हणजे बुध. नेमकी तीच तारीख पुन्हा आलेली पाहून मला फार बरं वाटलं. मी पंचांग बघत नाही, पण असल्या योगायोगांचा मला मोह आहे, हे कबूल करतो.

वाटेत कोपू नावाच्या गावापाशी एक लांबलचक पूल लागतो. एवढ्या मोठ्या नदीवर पूल, पण रुंदी एका गाडीची. सिग्नलला आम्ही आठ-दहा मिनिटं थांबलो. पुढे-मागे पन्नासेक गाड्या असतील, पण एकानेही हॉर्न वाजवला नाही. मी मागे वळून बघितलं तर एक बाई स्वेटर विणत होत्या. पुण्यात त्या पुलावर एव्हाना दोन्ही बाजूंनी गाड्या घुसून मधोमध पंचाईत झाली असती आणि आपल्यातलाच कुणीतरी खाली उतरून हातवारे करत असता. बहुधा मीच.

पुढचा घाट वळणावळणाचा. तिसऱ्या वळणाला माझ्या पोटात ढवळायला लागलं. मृदुलाने ओव्याची डबी पुढे केली. डोंगरभर नेच्याची झाडं, माणसापेक्षा उंच, आणि मधूनच खाली समुद्र. ते सगळं मी ओवा चघळत, डोळे अर्धे मिटून पाहिलं, त्यामुळे निसर्गवर्णन माझ्याकडून एवढंच.

व्हिटिआंगा या खाडीकाठच्या गावी एका छोट्या लाकडी खोलीत उतरलो. दही घ्यायला म्हणून 'डेअरी' अशी पाटी असलेल्या दुकानात शिरलो, तर तिथे वर्तमानपत्रं, च्युइंगम आणि मासे पकडायचे गळ. तिकडे कोपऱ्यावरच्या दुकानालाच डेअरी म्हणतात. दही होतं, पण त्यात स्ट्रॉबेरी घातलेली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून आणली होती म्हणून निभावलं. जेवताना मृदुलाने एकदाच विचारलं, "बाबा, शुक्रवारचं नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की." ती बराच वेळ दशमीचे तुकडे करत बसली, खाल्ले मात्र नाहीत.

गुरुवार

साडेसातला किनाऱ्यावर पोचलो. लांब, पांढरट वाळू, एका टोकाला कडा, आणि डझनभर माणसं दुर्बिणी, खोकी आणि थर्मास घेऊन आलेली. पुढारी शर्ली नावाच्या बाई. वय बहात्तर, अंगात जाडजूड लोकरी स्वेटर आणि पायात जॅन्डल्स, म्हणजे आपल्या साध्या रबरी स्लिपर. शाळेत नर्स होत्या. "किआ ओरा!" म्हणजे नमस्कार, "तुम्ही प्रोफेसर ना?" असं म्हणत त्यांनी माझा हात जोरजोरात हलवला. मृदुलाने फोनवर काहीतरी वाढवून सांगितलेलं दिसत होतं. मी नाही म्हणालो नाही.

व्यवस्था अशी होती. दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही, डोळा कायमचा जातो. दुर्बिणीतून येणारा उजेड मागच्या खोक्यातल्या पांढऱ्या कागदावर पाडायचा, तिथे बशीएवढा सूर्य उमटतो. घड्याळं रेडिओवरच्या ठोक्यांना लावायची. बुध सूर्याच्या कडेला टेकला ती वेळ आणि शेवटी कडेवरून सुटला ती वेळ, दोन रकाने, ज्याने त्याने आपल्या कागदावर लिहायच्या. शेजाऱ्याशी बोलायचं नाही आणि त्याचा कागद बघायचा नाही. मग सगळे कागद दोन गाड्यांच्या मध्ये बांधलेल्या दोरीला चिमट्यांनी लावायचे. नंतर बाई ते एका वहीत उतरवून तिकडच्या एका मोठ्या मंडळाला पाठवणार होत्या.

"दिसेल ते लिहा," शर्लीबाई म्हणाल्या. "नाही दिसलं तर तसं लिहा. एवढंच."

मला मनात हसू आलं. प्रॅक्टिकलला मीही दर वर्षी हेच सांगायचो.

माझ्या वाट्याला एक छोटी दुर्बीण आणि सामान ठेवायच्या टपरीशेजारचं टेबल आलं. शेजारी हेमी. हे माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी; रस्त्याच्या कामावर रोलर चालवून रिटायर झालेले, आवाज खर्जातला, बोलणं मोजकं. छापील तक्त्याप्रमाणे सव्वाआठच्या जरा अलीकडे बुध सूर्याला टेकणार होता. मी एक डोळा कागदावर आणि एक डोळा घड्याळावर ठेवून बसलो, आणि व्हायचं तेच झालं. घड्याळाकडे बघत होतो तेवढ्यात बुध आत शिरला. पुन्हा कागदाकडे पाहिलं तर कडेला एक काळा दाणा. मोहरीएवढासुद्धा नाही, राजगिऱ्याएवढा.

आणि तरीही, काय सांगू! चौतीस वर्षं फळ्यावर गोल काढून मी पोरांना सांगत आलो की मध्ये सूर्य आहे आणि ग्रह त्याच्याभोवती फिरतात. माझा त्यावर विश्वास होता, जसा पुस्तकावर असतो तसा. आज तो दाणा कागदावर माझ्या नखाजवळून सरकत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वारा होता म्हणून कुणाला कळलं नाही.

कागद दोरीवर लागले. अकरा जणांच्या अकरा वेळा, कुणाच्याच जुळत नव्हत्या, जवळजवळ मिनिटभराचा फरक. एकाने लिहिलं होतं, "शिंक आली, अंदाजाने." माझा रकाना कोरा. "हरकत नाही, प्रोफेसर, शेवटची वेळ मिळेल," असं कुणीतरी म्हणालं. ते प्रोफेसर मला चांगलंच झोंबलं.

मग चार-पाच तासांची वाट. दुसरी फजिती तेव्हा झाली. दुपारी सूर्य दक्षिणेकडे कलणार हे धरून मी टेबल लावलं होतं. पण त्या गोलार्धात तो उत्तरेकडून जातो. अकरा वाजता टपरीची सावली थेट माझ्या कागदावर आली. हे मी परीक्षेत प्रश्न म्हणून घालत असे. हेमींनी टेबलाचं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही ते हलवलं.

वाट बघताना माणसं खातात. हेमींनी धुरावलेला मासा काढला, मी दशम्या आणि चटणी. शर्लीबाईंनी चमचाभर चटणी नुसतीच तोंडात टाकली, मग चहाचे दोन कप संपवून म्हणाल्या, "स्वीट ॲज!" म्हणजे झकास. डोळे पुसत पुसत.

मी मास्तर, गप्प बसवेना. त्यांना पॅरिसची गोष्ट सांगितली. सोळाशे एकतीस साली अशाच एका अधिक्रमणाचं भाकीत एका जर्मन गणितीने करून ठेवलं होतं. तो स्वतः आदल्या वर्षी वारला. पॅरिसमधला एक पाद्री खोली अंधारी करून, असाच कागदावर सूर्य पाडून बसला. खालच्या मजल्यावर मदतनीस, पाद्र्याने पाय आपटला की त्याने सूर्याची उंची मोजायची, म्हणजे वेळ कळे. त्या काळच्या सगळ्या विद्वानांप्रमाणे पाद्र्याला वाटत होतं की बुध चांगला ठळक दिसेल. कागदावर दिसला एक क्षुद्र ठिपका. हा सूर्यावरचा डाग असणार, असं समजून त्याने आधी सोडूनच दिला. पण ठिपका सरकायला लागला. डाग इतक्या झपाट्याने सरकत नाही. तेव्हा त्याला कळलं की हाच बुध, आणि आपल्या सगळ्यांच्या समजुतीपेक्षा फार फार लहान. त्याने तसंच लिहिलं.

"आता यात मोठं काय?" मी वर्गात विचारायचो तसंच विचारलं. "त्याआधी शेकडो वर्षं विद्वान आधी पुस्तक बघत, मग आकाश. जुळलं नाही तर चूक आकाशाची. युरोपातल्या थोड्या माणसांनी हा क्रम उलटा केला. भिंगं घासणारे, पाद्री, घड्याळजी, वैद्य. आधी बघायचं, मग दिसेल ते लिहायचं, आपल्याला लाजवणारं असलं तरी. पुढे लंडनमध्ये काही गृहस्थांनी मिळून ठरवलं की कुणाच्या नुसत्या शब्दावर काही मानायचं नाही. आजचं सगळं विज्ञान त्यातून निघालं."

मृदुला वाळूत बसून ऐकत होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, मुलीला बापाचं कौतुक वाटतंय.

हेमींनी मासा संपवला, हात पुसले. "तुमच्या त्या कप्तानाच्या माणसांनी इथे बुध मोजला ना, त्याच दिवशी तिकडे जहाजाजवळ त्याच्या एका अधिकाऱ्याने आमच्या एका माणसाला गोळी घातली. कापडाच्या देवघेवीवरून. माणूस मेला."

शर्लीबाईंनी हातातला कप वाळूत ठेवला.

"आमच्याकडे ते अजून सांगतात," हेमी म्हणाले. "पण कप्तानाने तेही आपल्या रोजनिशीत लिहिलंय. आपल्याला ते पटलं नाही हेही लिहिलंय. गाळता आलं असतं, विचारणारं कोण होतं? त्याने लिहिलं म्हणून आता गोऱ्या लोकांनाही ते नाकारता येत नाही." एवढं बोलून त्यांनी दुर्बिणीचं भिंग पुसायला घेतलं.

साडेबारानंतर समुद्राकडून ढग आले. सुटण्याची वेळ एक वाजून दहा मिनिटांच्या आसपास छापलेली. एकला सूर्य फिकट झाला, पाच मिनिटांनी कागद राखाडी पडला आणि तसाच राहिला. मी वाकून वाकून बघत होतो. ना सूर्य, ना बुध. घड्याळाचा काटा दहाच्या पुढे गेला. दोरीवरचा तो पहिला कोरा रकाना माझ्या डोळ्यांसमोर होता, आता दुसराही कोराच जाणार. प्रोफेसर!

मी छापील वेळेत चार सेकंद मिळवले आणि लिहून टाकलं.

चार का, ते सांगतो. तंतोतंत उत्तर लिहिलं तर संशय येतो, आणि गोल आकडा नेहमी लबाड दिसतो. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये याला 'रीडिंग जुळवणं' म्हणतात. उत्तर आधीच माहीत असतं, मग त्यावरून उलटं मागे येत आकडे लिहायचे, मधूनच एखादा जरा चुकवायचा. पोरं करायची, आम्ही बघायचो, बाहेरचे परीक्षक पुरे मार्क देऊन चहा प्यायचे. माझा हात आपोआप चालला. मनात क्षणभरही खळबळ झाली नाही, हे सगळ्यात वाईट.

कागद दोरीवर लागले. अकरा कागदांवर एकच शब्द: ढग. माझ्यावर सुंदर अक्षरात वेळ, सेकंदांसकट.

मला वाटलं होतं कुणीतरी नाक मुरडेल. उलटंच झालं. "अरे, आपल्या पाहुण्यांना मिळाला!" शर्लीबाई ओरडल्या. सगळे धावत आले. "ढगात फट सापडली का तुम्हाला?" एकाने विचारलं. आपल्याला दिसलं नाही याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं, कुणाला तरी दिसलं याचा त्यांना आनंद झाला होता. पाठीवर थापा पडल्या. मी म्हणालो, "हो, क्षणभर."

हेमी माझ्यापासून दोन हातांवर होते. त्यांच्या डोक्यावरही तेच आभाळ होतं. त्यांनी एकदा वर पाहिलं, मग खाली, आणि आपलं खोकं मिटायला लागले. मृदुलाने सतरंजी झटकली आणि गाडीत जाऊन बसली.

आम्ही परतीला निघालो. टायरुआ गावाच्या अलीकडे तिने विचारलं, "दिसला होता?"

"कोण?"

"बाबा."

"नाही," मी म्हणालो.

"मला वाटलंच." आवाज शांत होता. "बारावीचं प्रॅक्टिकल आठवतंय? तुमच्याच कॉलेजातलं, लंबकाचं?"

मला आठवत नव्हतं.

"गुरुत्वाकर्षणाचं माझं उत्तर हजार तीस आलं होतं. पाहिजे नऊशे ऐंशी. मी तीन वेळा केलं, तीनदा हजारच्या वरच आलं. दोरी मोजताना काहीतरी चुकत असणार, मला शोधून काढायचं होतं. तुम्ही फेरी मारत आलात, माझ्या आकड्यावर बोट आपटलंत आणि म्हणालात, 'नीट बघ.' बस एवढंच. तुम्ही पुढे गेलात आणि मी खोडरबर घेतलं. पुरे मार्क मिळाले. घरी तुम्ही पेढे आणलेत."

मी खिडकीबाहेर बघत होतो.

"लॅबमध्ये ती पाचवी बाटली आली ना, तेव्हापासून मला तुमचं ते बोट दिसतंय. मालकावर मी चिडूच शकत नाहीये, बाबा. त्याने काही वेगळं सांगितलेलं नाही. म्हणून तुम्हाला दोनदा विचारलं."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. आणि आश्चर्य म्हणजे तो दिवस अजूनही आठवत नव्हता. तिच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, आणि माझ्यासाठी ती रोजची फेरी होती. अशी किती पोरं असतील, किती आकडे, देव जाणे.

"गाडी फिरव," मी म्हणालो.

किनाऱ्यावर शर्लीबाई एकट्याच होत्या, दोरी गुंडाळत. कागदांचा गठ्ठा गाडीच्या टपावर दगडाखाली ठेवलेला. मी माझा कागद मागून घेतला. वेळेवर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला लिहिलं: ढग होते. दिसला नाही. वेळ तक्त्यावरून लिहिली होती. खाली सही केली. अक्षर घाणेरडं आलं.

बाईंनी चष्मा लावून ते वाचलं, दोनदा. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी तयारीत उभा. "बरं झालं वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. "वहीत उतरवायला अजून बसले नव्हते." आणि कागद गठ्ठ्यात घातला. मला कुणी धीर दिला नाही की रागावलंही नाही. थर्मासमधला उरलेला चहा मात्र त्यांनी आम्हा दोघांना अर्धा अर्धा दिला.

परतीच्या वाटेवर मृदुलाला मी म्हटलं, "सही कर असं मी सांगितलं होतं, ते मागे घेतो. करू नको असंही सांगत नाही. घर तुमचं, नोकरी तुझी."

"हं," ती म्हणाली.

शुक्रवार

सकाळी ती नेहमीसारखी गेली. निखिल जाताना मला म्हणाला, "बाबा, तिने काय ठरवलंय काही बोलली का तुमच्याशी?" मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. त्या पोराच्या डोळ्यांत झोप नव्हती. कपडे मी त्या दिवशी दोरीवर घातले आणि तसेच भिजू दिले.

तीन वाजता गाडीचा आवाज आला. ही तिची यायची वेळ नव्हे. दार उघडलं तर हातात पुठ्ठ्याचं खोकं, त्यात कप, पांढरा कोट आणि कुंडीतलं एक रोपटं. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. मी चहा टाकला, कारण दुसरं काय करायचं ते कळेना.

"पाचही लिहिल्या," ती म्हणाली. "खाली टीप लिहिली, बाटली हाताळताना चूक झालेली असू शकते, पुन्हा नमुने घ्यावेत. आणि सही केली. त्याने वाचलं आणि म्हणाला, सोमवारपासून येऊ नको. मग मी शाळेत फोन केला, तपासणी होईपर्यंत पाणी उकळून वापरा म्हणून सांगितलं. शाळेतल्या बाई घाबरल्या बिचाऱ्या."

पुढचं इथेच सांगून टाकतो. पुन्हा नमुने घेतले की नाही, घेतले तर काय निघालं, हे आम्हाला कुणी कळवलं नाही. मृदुलाने दोनदा विचारून पाहिलं. मी निघेपर्यंत तिला दुसरी नोकरी लागली नव्हती आणि अर्ज लटकलेलाच होता. हे लिहितो आहे तोवरही तसाच आहे. निखिल तिला एका शब्दाने बोलला नाही, पण दोघं हिशोबाने जपून बोलतात, हे फोनवरसुद्धा कळतं.

तर त्या दुपारी तिने कप दोन्ही हातांत धरला, प्याली नाही, आणि विचारलं, "बरोबर केलं ना मी, बाबा?"

चौतीस वर्षं वर्गात मला कुणी काहीही विचारलं की प्रश्न संपायच्या आत माझं उत्तर तयार असे. आताही ते ओठांवर आलं होतं, शाबास, फार बरोबर केलंस. तिला तेच ऐकायचं होतं. पण त्या बाटलीत खरोखर काही होतं की कुणाचा हातच घाण होता, हे मला ठाऊक नव्हतं. एका बाटलीसाठी तिने घर पणाला लावलं ते फळेल की बुडेल, हेही नाही.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिने मान वर केली. "तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

तिने कप खाली ठेवला, खुर्ची ओढून जवळ आली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडली.

"मलाही नाही, बाबा," ती म्हणाली. "मलाही नाही."